वर की खाली

बाबा,

मागच्या आठवड्यात शारजातल्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं मला डोळे मिटायला सांगितले, माझ्या पायाचा अंगठा दोन बोटांत धरला आणि विचारलं, "आँटी, ऊपर या नीचे?" साखरेचा आजार असलेल्यांची ही तपासणी इथे दरवर्षी करतात. माझी सगळी उत्तरं बरोबर आली. पण ती अंगठा हलवत होती तेवढा वेळ मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. नात सोबत होती. म्हणाली, "दादी, रिलॅक्स, इट्स जस्ट अ टेस्ट." तिला काय सांगणार? तुम्हांला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्हांला पाहिलेलं आता या घरात माझ्याशिवाय कुणी नाही. दोन दिवस डोक्यातून ते जाईना, म्हणून तुम्हांलाच लिहायला बसले.

आई गेल्यावर तुम्ही मला गावाहून दुबईला आणलंत. मी तेव्हा विशीच्या आतली. बर दुबई भागात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर, एका अंगणाभोवती आपल्या कोकणातल्याच माणसांनी घेतलेल्या खोल्या होत्या आणि त्यांतली शेवटची आपली. मोठ्या स्टीमर तेव्हा खाडीत शिरत नसत, बाहेर समुद्रात नांगरून पडत. बार्ज, म्हणजे मालाची सपाट बुडाची होडी, घेऊन त्यांच्यापर्यंत जायचं, माल उतरवायचा आणि खाडीत आणायचा, हे तुमचं काम. तुम्ही तांडेल, म्हणजे बार्जवरच्या खलाशांचे म्होरके. स्टीमरच्या अंगाला सोडलेल्या दोराच्या शिडीवरून सगळ्यांत आधी तुम्ही वर जायचात. बार्ज खाली लाटेवर उचलली जायची, पडायची, आणि तुम्ही गड्यांकडे मान वळवून बोलत बोलत चढायचात, असं मला तुमच्या हाताखालचे चाचा सांगायचे. पायांकडे कधी बघायचं नाहीत म्हणे.

पहिल्यांदा काही बिघडलंय ते मला एका सकाळी दिसलं. तुम्ही अंगणात नमाजाआधी वजू करताय. हात धुतलेत, चूळ भरलीत, ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलंत. डोळे मिटले, आणि त्याच क्षणी तुम्ही उभेच्या उभे पुढे गेलात. कपाळ भिंतीवर आपटलं. मी चुलीपासून धावत आले. "फरशी ओली होती, बाय, सटकलो," तुम्ही म्हणालात. फरशी कोरडी होती. पाणी तर तुमच्या हातातून आत्ता कुठे सांडत होतं. मी नुसतं तुमचं कपाळ पुसलं. तुम्ही पडलात याची तुम्हांला लाज वाटलेली मी पाहिली होती.

त्यानंतर मी तुमच्यावर नजर ठेवू लागले. तुम्ही वजू बसून करायला लागलात. चालताना मान खाली घालून पावलांकडे बघत चालायला लागलात, वाटेत काही पडलेलं शोधावं तसे. टाच आपटून पाय टाकायचात, पाऊल पडल्याचा आवाज खोलीत मला आधी ऐकू यायचा. एकदा खाडीवरून घरी आलात तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. "दुसरी कुठंय?" मी विचारलं. तुम्ही खाली बघितलंत, आणि तोवर तुम्हांला ते ठाऊकच नव्हतं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा. अंधुक खोलीत तर लागायचीच नाहीत, मग दारात उजेडाला येऊन, बोटांवर डोळे रोखून लावायचात. माशाचं तिखट कालवण आवडीनं ओरपणारे तुम्ही "जीभ सोलल्यासारखी झालीय" म्हणत नुसता भात खायला लागलात. मी विचारलं की एकच उत्तर: "पाय कापसावर पडल्यासारखे वाटतात गं. उन्हाचं असेल. जाईल, इन्शाल्ला."

मग एका दुपारी चाचा आले. दापोलीकडचे, तुमच्याहून थोडे लहान, तुमच्याबरोबर बार्जवर कैक वर्षं काढलेले. तुम्ही मशिदीत गेला होतात. उंबऱ्यातच उभे राहून ते म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला शिडीवर चढू देऊ नकोस."

"काय झालं?"

"काल पाय पायरीवर ठेवला असं त्याला वाटलं. पाय पायरीच्या बाजूला, हवेत. त्याला कळलंच नाही. सगळा भार टाकला. हातांनी लटकला म्हणून वाचला, खाली बार्ज आणि स्टीमर एकमेकींवर आदळत होत्या." चाचांनी मशिदीच्या वाटेकडे बघितलं. "माझं ऐकत नाही तो. आणि गडी आता काहीबाही बोलतायत."

काय बोलतायत ते त्यांनी सांगितलं नाही. ते मला शेजारच्या खालाकडून, म्हणजे शेजारच्या मावशीकडून कळलं. खाला आधी रोज आपल्याकडे वाटीभर काहीतरी घेऊन यायची. त्या आठवड्यात ती दारापर्यंत आली, आत आली नाही. मी चहा पुढे केला तर म्हणाली, "नको, घरी घेतलाय." अंगणात पाण्याच्या मडक्यावरचा पितळी पेला सगळ्यांचा होता. दुसऱ्या दिवशी तिथे पेला नव्हता, जो तो आपापला आणत होता. मी खालाला अडवलं. ती म्हणाली, "माझ्या मामाचंही असंच सुरू झालं होतं, बेटा. हातापायांना कळेनासं होतं. चप्पल पडते, कळत नाही. घरात लेकरंबाळं आहेत सगळ्यांच्या. तुझ्या बाबांना गावी घेऊन जा. इथे कुणी बोभाटा केला तर सगळ्यांनाच बाहेर काढतील." तिनं त्या रोगाचं नाव घेतलं नाही. मीही तेव्हा ते उच्चारलं नाही. तुम्हांलाही ते कळलं होतं, कारण तुम्ही स्वतःच तुमचं ताट वेगळं काढून ठेवायला लागला होतात. डॉक्टरकडे चला म्हटलं की उठून बाहेर जायचात. डॉक्टरनं तेच नाव घेतलं असतं तर मग संपलंच, ही भीती मला तुमच्या पाठमोऱ्या अंगावरसुद्धा दिसायची.

एका शुक्रवारी, जेवणं आटोपल्यावर, मी अंगणात कपडे वाळत घालून आत आले तर तुम्ही चुलीपुढे बसला होतात. चिमट्यात एक निखारा धरलेला, उजव्या पायाची टाच वर घेतलेली. मी ओरडायच्या आत तुम्ही निखारा टाचेला टेकवलात. पाय झटक्यात मागे आला आणि चिमटा भिंतीशी जाऊन पडला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू.

"भाजतंय! बाय, मला भाजतंय गं!"

मी तुमच्या पायावर पाणी ओततेय आणि रडतेय, आणि तुम्ही पुन्हा पुन्हा तेच म्हणताय. खालाच्या मामाला भाजलेलं कळायचं नाही, झोपेत बोटं उंदरांनी कुरतडलेली कळायची नाहीत, हे सगळ्या अंगणानं ऐकलेलं होतं. तुम्हांला कळत होतं. मी म्हटलं, "मग तो रोग नाही." तुम्ही शांत झालात. पायाची बोटं हातात घेऊन, अनोळखी वस्तू बघावी तशी बघत राहिलात. म्हणालात, "नाही ना? मग भाजलेलं कळतं, आणि पाय कुठे ठेवलाय ते का कळत नाही?" खालाला मी ते निखाऱ्याचं सांगितलं. तिला खरं वाटलं नाही.

पुढच्याच आठवड्यात बार्जवरच्या मुकादमानं तुम्हांला "खलास, आता आराम करा" म्हणून घरी पाठवलं. तुम्ही त्याच्याशी भांडला नाहीत. घरी येऊन म्हणालात, "उद्या खाडीपलीकडे देऱ्याला जाऊन बोटीची दोन तिकिटं सांगून येतो. गावी जाऊ." मी सोबत येते म्हटलं. चाचाही आले, कामाला दांडी मारून.

खाडी ओलांडायला नेहमीची छोटी होडी. चढताना चाचांनी तुमचा दंड धरला, तुम्ही पायांकडे बघत बघत नीट चढलात. पलीकडे धक्क्यावर गर्दी, होड्या एकमेकींना घासत होत्या. तुम्ही धक्क्याच्या दगडावर पाय टाकायला उचललात, नजर पावलावर होती. तेवढ्यात "यल्ला, यल्ला!" करत पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल आपल्यामधून घुसला. क्षणभरच त्याचं पोतं तुमच्या डोळ्यांच्या आणि पायाच्या आड आलं. पाऊल दगडावर पडलंच नाही. होडी आणि धक्का यांच्या फटीत तुमचा पाय मांडीपर्यंत गेला आणि लाटेनं होडी आत यायला लागली. मी तुमच्या सदऱ्याला लोंबकळले. चाचांनी दोन्ही पाय दगडाला लावून पाठीनं होडी मागे रेटली. "पाय वर घे, तांडेल! वर घे!" ते ओरडत होते.

तुमचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. तुम्ही मला विचारलंत, "कुठे आहे? माझा पाय कुठे आहे, बाय?"

"खाली, बाबा! पाण्यात! गुडघा वाकवा!"

"वाकवलाय ना!"

वाकवलेला नव्हता. माणसं धावली, त्यांनी तुम्हांला काखेत धरून उपसून काढलं. होडी दगडावर आदळली तेव्हा पाय नुकताच वर आला होता. नडगीची सालपटं निघाली होती, घोटा पार सुजला होता, आणि तुम्ही कळवळत होतात. दुखत होतं तुम्हांला. तिथून तिकिटाच्या ऑफिसात कोण जातंय? चाचांनी तुम्हांला जवळजवळ उचलूनच इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई हैदराबादच्या होत्या, सडसडीत आणि कडक. जखम धुताना त्यांनी विचारलं, पाय कसा गेला? तुम्ही म्हणालात, गर्दी होती. त्या म्हणाल्या, गर्दी तर रोजच असते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, वजू, चप्पल, शिडी, निखारा. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, जणू मी तुम्हांला विकलं. पण निखाऱ्याचं ऐकल्यावर बाईंच्या हातातला कापूस थांबला. त्यांनी दार लावून घेतलं.

टाचणी टोचली. "चुभा?" "हां." गरम पाण्याची नळी, गार पाण्याची नळी. तुम्ही न चुकता ओळखलंत. मग त्यांनी कापसाचा नुसता धागा पायावरून फिरवला आणि तुम्ही डोळे मिटून वाट बघत राहिलात, तो फिरवून झाला तरी. लोखंडाचा दोन दांड्यांचा एक काटा टेबलावर आपटून त्यांनी तुमच्या घोट्याच्या हाडावर ठेवला. मला दुरूनसुद्धा त्याची गुणगुण ऐकू येत होती. "काय कळतं?" "गार लागतं." "थरथरतंय?" "नाही." आणि मग त्यांनी तुमचा अंगठा धरला. "ऊपर या नीचे?"

"ऊपर," तुम्ही म्हणालात. अगदी ठाम. बार्जवर हुकूम द्यायचात त्या आवाजात.

अंगठा खाली होता.

"नीचे." तो वर होता. "ऊपर." तो हललाच नव्हता. मी भिंतीला टेकून उभी होते आणि तुमचं प्रत्येक चुकीचं उत्तर ऐकत होते. जन्मात मी तुम्हांला इतकं खात्रीनं चुकताना पाहिलं नव्हतं. तुम्ही डोळे उघडलेत, बाईंकडे न बघता माझ्याकडे बघितलंत, आणि निकाल तुम्हांला माझ्या तोंडावर दिसला. शेवटी त्यांनी तुम्हांला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. झाड कलावं तसे तुम्ही कललात. बाईंचे हात तयारच होते.

चाचांनी विचारलं. त्यांनाच विचारावं लागलं, आपल्या दोघांना धीर नव्हता. "डॉक्टरसाब, वो... बडी बीमारी तो नहीं?"

"कोढ़? बिलकुल नहीं," बाई म्हणाल्या, महारोगाचं नाव सहज घेत. "त्यात आधी हेच जातं, टोचलेलं आणि भाजलेलं कळणं. यांचं ते शाबूत आहे."

तुम्ही खुर्चीची पाठ पकडलीत. बाईंनी मला जवळ बोलावलं आणि तुमच्या देखत माझ्या पाठीवरून समजावून सांगितलं. त्यांचा अंगठा माझ्या कण्याच्या तळाशी टेकला. पायातून दोन तऱ्हेच्या खबरा निघतात, त्या म्हणाल्या. दुखलं, भाजलं, गारठलं, ही एक. आणि हलका स्पर्श, थरथर, सांधा किती वाकलाय, पाय वर आहे का खाली, ही दुसरी. पायातून कण्यापर्यंत दोघी बरोबरच येतात, कण्यात शिरल्या की वाटा वेगळ्या. दुखण्याची खबर लगेच दुसऱ्या बाजूला जाते आणि तिकडून वर चढते. ही दुसरी मात्र कण्याच्या मागच्या भागातून त्याच बाजूनं सरळ वर येते. त्यांचा अंगठा माझ्या पाठीवरून सावकाश वर सरकत मानेपर्यंत आला. इथे, कवटीच्या बुडाशी, ती बाजू बदलते आणि मेंदूत जाते, मग माणसाला न बघताही कळतं की माझा पाय इथे आहे. "यांचा मागचा रस्ता खराब झालाय. खबर पायातून निघते, पोचत नाही. म्हणून डोळ्यांनी काम चालवतायत. डोळे मिटले की खलास."

"पण का?" मी विचारलं.

त्यांनी तुमची जीभ बघितली, पापणी खाली ओढून बघितली. आणि सदरा वर करायला सांगितला. पोटावरचा तो लांब व्रण मी लहानपणापासून बघत आले होते. मुंबईला अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, निम्मं पोट काढलं होतं. त्यानंतर तुम्ही ठणठणीत होतात, म्हणून आपण ते विसरूनही गेलो होतो. बाई व्रणावर बोट ठेवून म्हणाल्या, शरीराला एक जीवनसत्त्व लागतं, ते अन्नातून उचलायला पोटच लागतं. पोट कापलं, तरी साठा काही वर्षं पुरतो. तो संपला की रक्त पातळ होतं आणि कण्यातल्या त्या मागच्या नसांवरचं आवरण झिजतं. रक्त तपासून त्यांनी खात्री करून घेतली आणि सुई काढली. औषध लालभडक होतं, सरबतासारखं. तुम्ही विचारलंत, "शिडी चढता येईल?" बाई म्हणाल्या, "किती झिजलंय ते मला वरून दिसत नाही. हात सुधारतील असं वाटतं. पायांचं वचन देत नाही. उशीर झालाय." तुम्ही मान हलवलीत. परतताना होडीत चाचांनी तुमचा दंड शेवटपर्यंत सोडला नाही.

अंगणात शिरलो तेव्हा सगळ्या खोल्यांची दारं उघडी होती. चाचा घरी गेले नाहीत. आपल्या उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरी, तुझ्या बापाला चहा दे." मी दिला. तुम्ही अर्धा प्यायलात. चाचांनी तुमच्या हातातला कप काढून घेतला आणि उरलेला चहा सगळ्यांच्या देखत, सावकाश, फुरके मारत संपवला. मग खालाच्या दाराकडे बघून म्हणाले, "पोट कापल्याचा आजार आहे. सुई घेतली की बरा होतो." खालाला हे पटायला पुढे बरेच दिवस लागले. पण त्या संध्याकाळी तिनं मुलाला आपल्या दोघांच्या खोलीतल्या मडक्यातून पाणी आणायला पाठवलं, एवढं मात्र झालं.

ते दिवस मला अजून बोचतात. सुया सुरू होत्या आणि काही होत नव्हतं. रोज जेवण झालं की तुम्ही खाटेवर आडवे व्हायचात, तोंडावर पंचा टाकायचात आणि म्हणायचात, "चल, बाय." मी अंगठा धरायची. वर की खाली? चूक. चूक. एखादं बरोबर आलं तर ते कळून आलं की अंदाजानं, हे कुणाला ठाऊक? एकदा तुम्ही पंचा फेकून दिलात. "मेलेला पाय आहे हा, सोड!" मी सोडला नाही. तुम्ही पाय ओढून घेतलात, टाच माझ्या हनुवटीला लागली, ओठ फुटला. तुम्ही घाबरून उठून बसलात. मी म्हटलं, "वर की खाली?" तुम्ही बोटानं माझ्या ओठावरचं रक्त पुसलंत. मग पुन्हा आडवे झालात आणि पंचा ओढून घेतलात.

आधी हात आले. एक दिवस दाराकडे पाठ करून, माझ्याशी बोलता बोलता तुम्ही सदऱ्याची बटणं लावलीत आणि ते लक्षात आल्यावर ती सोडून पुन्हा लावलीत. मग पायांत मुंग्या, रात्रंदिवस, तुम्ही वैतागायचात, बाई म्हणायच्या चांगलं लक्षण आहे. थंडी पडू लागली तेव्हा एका दुपारी पंच्याखालून तुमचा आवाज आला, "खाली. आता वर. हलवत नाहीयेस तू आता." तिन्ही बरोबर. मी पुन्हा केलं. बरोबर. डावा पाय तेवढा शेवटपर्यंत चुकत राहिला. दोराची शिडी तुम्ही पुन्हा चढला नाहीत. मुकादमानं तुम्हांला धक्क्यावरच्या गोदामात ताडपत्र्या शिवायला बसवलं, आणि तुम्ही शिवल्यात, हातात काठी घेऊन येत जात, माझं लग्न होऊन मी शारजाला येईपर्यंत आणि त्यानंतरही. खाडीकडे तोंड करून बसायचात. स्टीमरकडे निघालेली बार्ज दिसली की सुई थांबायची, असं चाचा सांगायचे.

शेवटी तुम्ही गावी परतलात आणि तिथेच गेलात, तेव्हा मी इथे होते, धाकटा पोटात. खबर येऊन पोचेपर्यंत तुम्हांला माती देऊन झाली होती. त्यामुळे तुमच्याशी शेवटचं असं काही बोलणं झालंच नाही, आणि हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं तेही मला माहीत नाही. टाकणार नाहीच. तुमचा फोटो आहे, म्हणून चेहरा आहे. आवाज मात्र गेला, बाबा. केव्हा गेला ते कळलं नाही. वर तुमच्या तोंडची म्हणून जी जी वाक्यं लिहिली, ती सगळी मी लिहिताना माझ्याच आवाजात ऐकली.